आबांची दुनळी आणि माझ्या दोन

मी, रेश्मा लालासाहेब निकम, वय ३३, यंत्र अभियंता, राहणार पलूस, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करत आहे. मला आजार नाही आणि कोणाचा दबावही नाही. माझे वडील, म्हणजे आबा, मृत्युपत्र न करता गेले. वारसाचे कागद होईपर्यंत त्यांची दुनळी बंदूक पोलीस ठाण्यात गंजत पडली. तसे पुन्हा होऊ नये, एवढेच कारण.

१. साताऱ्यातील फ्लॅट आणि बँकेतील ठेवी आईला द्याव्यात. त्या मोडून तिने माझा भाऊ शिवतेज याला गाडी घेऊन देऊ नये. ही विनंती आहे, अट नाही.

२. मोजमापाची सर्व उपकरणे तालुक्याच्या आयटीआयला द्यावीत. शिवतेजने माझ्या मायक्रोमीटरमध्ये धरून अक्रोड फोडला होता. त्याला हातोडी मिळेल.

३. बंदुका. मी स्पोर्टिंग क्ले खेळते. माळावर ठिकठिकाणी उभे राहून, यंत्राने उडवलेल्या मातीच्या तबकड्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडायच्या असतात. दर ठिकाणी वेग आणि दिशा वेगळी. माझ्या नावावर खेळाडू म्हणून रीतसर तीन बंदुका आहेत. आखूड नळीची जवळच्या तबकड्यांसाठी, लांब नळीची दूरच्यांसाठी. आबांची दुनळी मी फक्त जमिनीवरून सशासारखी उड्या मारत जाणाऱ्या तबकडीला वापरते. ही विभागणी मी आकडेमोड करून ठरवली आणि कागदावर ती बरोबर आहे. माळावर मात्र प्रत्येक दस्ता खांद्याला वेगळा लागतो, चाप वेगळा दबतो, आणि पहिली तबकडी ते ओळखण्यातच जाते.

माझी चुलत बहीण क्रांती सगळीकडे आबांचीच दुनळी वापरते. तिला परवाना मिळाला आहे, पण त्यावर अजून बंदूक नाही, म्हणून माझ्या देखत आणि माझ्या परवानगीने. ती माझ्यापेक्षा जास्त तबकड्या फोडते.

म्हसवडजवळच्या गेल्या स्पर्धेत सशाच्या ठिकाणी मी तिच्याकडून दुनळी घेतली. दरवेळी घेते. तिने दस्त्यावरचा स्वतःचा घाम ओढणीने पुसला आणि मग दिली. मी दोन्ही तबकड्या चुकवल्या.

मागून कोणीतरी म्हणाले, "मॅडम, आता चौथी आणा की!"

लोक हसले. क्रांती हसली नाही. "ताई, वारं लय होतं गं," म्हणाली.

वारा नव्हता. चुकलेल्या तबकड्या मी विसरले असते. तिने माझ्यासाठी उभा केलेला तो वारा आठवला, की अजून मान खाली जाते.

सबब, <s>आबांची दुनळी माझ्या पश्चात क्रांतीस द्यावी.</s> उरलेल्या दोन्ही बंदुका परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकून रक्कम आईला द्यावी.

४. वरील कलम वकील दिग्विजय माने यांनी वाचून दाखवले, तेव्हा साक्षीसाठी पाटणहून आलेली माझी आत्या बनुबाई म्हणाली, "आगं, तू कवा मरणार आन् तिला कवा मिळणार? तिच्या परवान्याची मुदत दिवाळीला सरतीया. तवर त्येच्यावर बंदूक चढली न्हाई तर परवाना जातोय."

"मला माहीत आहे, आत्या."

"म्हाईत हाय? आन् तरी असं लिवलंस?"

क्रांतीने दुनळी कधी मागितली नाही आणि मी तिने मागण्याची वाट पाहत होते. मेल्यावर द्यायचे, तर मला काहीच सोडावे लागत नव्हते.

म्हणून कलम ३ मधील दुनळीचे वाक्य रद्द केले आहे. ती क्रांतीच्या परवान्यावर चढवण्यासाठीचा अर्ज मी आजच सांगलीला जिल्हाधिकारी कार्यालयात देत आहे. वकिलांनी स्वच्छ प्रत काढून देतो म्हटले. मी नको म्हणाले. खोडलेले वाचता येईल असेच राहू द्यावे. खाडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

५. माझ्या मृत्यूच्या वेळी ती दुनळी माझ्या मालमत्तेत आढळली, तर मी शब्द पाळला नाही असे समजावे, आणि हे कलम क्रांतीसमोर, सगळ्या घरादारासमोर, मोठ्याने वाचावे.

लिहून देणार: रेश्मा लालासाहेब निकम (सही)

आमच्या समक्ष सही झाली:
१. बनुबाई हंबीरराव शेलार, पाटण (सही)
२. ॲड. दिग्विजय माने, पलूस (सही)

पलूस, दि. ११ ऑगस्ट २०२५