आईची सोय माझ्याकडे

१ एप्रिल
ठरलं. ३ मे, शनिवार, सगळे तळ्यावर मुक्कामी. ताई, भाऊजी, भाची, मी, आणि या खेपेला आईसुद्धा! लहानपणी बाबा दर सुट्टीत मला नि ताईला तळ्यावर तंबूत न्यायचे. आई डबे भरून द्यायची आणि दारातून हात हलवायची. कारण एकच, तिथे बायकांची सोय नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं. काल जेवताना आई म्हणाली, "मला टाकून कुठे जायचात ते एकदा बघू तरी दे." हसतच म्हणाली. आता गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. मी जाहीर करून टाकलं, आईची सोय माझ्याकडे. फोल्डिंग संडास आणि गरम पाण्याचा शॉवर, दोन्ही. ताई फक्त म्हणाली, "तू?"
या "तू"ला उत्तर कृतीने देणार.

४ एप्रिल
सकाळी सातपासून अभ्यास. व्हिडिओ बघत बसलो ते दुपारी एकला उठलो. रिकाम्या ड्रमांची होडी कशी बांधायची याचं संपूर्ण ज्ञान मिळालं. संडासाचं राहिलं. उद्या.

९ एप्रिल
ताईचा फोन. कॅम्पिंगच्या दुकानात रेडिमेड मिळतो म्हणे, दोन दिवस भाड्याने. खुर्ची, टाकी, तंबू, सगळं आलं. मी म्हटलं, आईसाठी भाड्याची वस्तू? ती म्हणाली, "आईला बसायचंय रे, मिरवायचं नाहीये." या बाईला व्हिजन नाही.

११ एप्रिल
डिझाइन फायनल. प्लास्टिकच्या जुन्या खुर्चीला मधोमध भोक, खाली झाकणाची बादली, चार लोखंडी पाय. शॉवरसाठी काळी पिशवी, उन्हात पाणी आपोआप तापतं. दोन्हीभोवती एकच उभा, चेनवाला छोटा तंबू. आईला चित्र दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "दार लागेल ना रे?" चेन लागेल म्हटलं. "मग झालं."

१४ एप्रिल
वेल्डरकाकांकडे. ते म्हणाले, पाय फिक्स करून देतो, सुटे पाय हरवतात. मी त्यांना पोर्टेबल या शब्दाचा अर्थ समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याचं गेट जोडायला घेतलं. पाय सुटेच करून घेतले, स्क्रूवाले.

१९ एप्रिल
एक मित्र बाइकवरून चाललाय, जुना पूल बघायला. दोन तासांत परत.

२४ एप्रिल
परत आलो. पूल अपेक्षेपेक्षा लांब निघाला, पुढे मग धबधबाही होता. आईने बुटांचा नवा जोड आणलाय. घरातल्या घरात घालून फिरते, सवय व्हावी म्हणून. जुन्या चादरीचा पडदाही शिवलाय, शॉवरच्या तंबूला आतून लावायला. माझ्या डिझाइनमध्ये पडद्याची गरज नव्हती, पण असू दे.

२ मे
गच्चीवर शॉवरची चाचणी. पिशवी टांगायला स्टँड नव्हता. डोकं चालवलं, खुर्चीचे चारही पाय काढून एकाला एक बांधले, झाला स्टँड! पाणी कडक तापलं. मी स्वतः आंघोळ केली. टेस्ट शंभर टक्के यशस्वी. ताईला फोटो पाठवला. तिने अंगठा दाखवला. शेवटी मानलं.
रात्री लवकर झोपायचं. उद्या इतिहास.

३ मे
(हे हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय.)
दुपारी चारला पोचलो. तंबू टेकाडाच्या अलीकडे टाकला, तिथे सावली होती. तळं टेकाडापलीकडे, शंभर पावलांवर. भाची आजीचा हात ओढत होती, चल ना, चल ना. आई म्हणाली, "आधी मामाचं मशिन बघू दे, मग निवांत तळं." ताईने माझ्या कानात सांगितलं, लवकर लाव, तिने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. वाटेत जायची वेळ येऊ नये म्हणून.
सामान उघडलं. खुर्ची आहे. बादली आहे. पाय गच्चीवर.
मी म्हटलं, नो प्रॉब्लेम. चार चपटे दगड आणले, रचले, वरून दाबून बघितलं. ताई म्हणाली, थांब, मी आधी बसून बघते. आई म्हणाली, "अगं, त्याने केलंय ना." आत गेली. चेन लावून घेतली.
मग आवाज आला. दगडाचा आधी, मग तिचा.
मी चेनला हात घातला तर आतून म्हणाली, "उघडू नकोस रे. कपडे नीट करते आधी." आम्ही चौघं बाहेर उभे. चेन बंद. किती वेळ ते माहीत नाही.
खुब्याचं हाड. उद्या ऑपरेशन.

४ मे
जमीन ओलसर निघाली, नाहीतर दगड सरकले नसते. हे ताईला सांगायला गेलो. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "जा, चहा पिऊन ये," म्हणाली.

९ मे
गच्चीवर गेलो होतो. स्टँड तसाच उभा. सोडवताना गाठी सुटेनात. चांगल्या मारल्या होत्या.

११ मे
वेल्डरकाकांनी पाय फिक्स करून दिले. मी निघताना म्हणाले, "आईंना सांगा, एखादा हत्ती बसला तरी हलणार नाही."

१८ मे
आई घरी आली. चालायला तीन महिने तरी, डॉक्टर म्हणाले. पुढचं बघू, म्हणाले. बाथरूमपर्यंत जाता येत नाही, म्हणून खुर्ची तिच्या पलंगाशी ठेवलीय. भोवती तिनेच शिवलेला पडदा. ताईने उठवून बसवलं. मी पडद्याबाहेर उभा. आतून आवाज आला, "चांगलं झालंय रे. हलत नाही अजिबात."
दुपारी म्हणाली, "तळं सांग." मी सांगितलं. पलीकडचं झाड, बाबांचा बसायचा खडक, पाण्यात पडलेली सावली. डोळे मिटून ऐकत होती. झोपली वाटून थांबलो तर म्हणाली, "मग?"
बूट पलंगाखाली आहेत. उचलून ठेवू का विचारलं. असू दे म्हणाली.

१९ मे, दुपारी दोन
ताई तिच्या घरी गेली. आता दर तीन तासांनी आईला मी उठवायचं. फोनमध्ये गजर लावलेत. बाकी प्लॅन काही नाही.
गोळीबरोबर पाणी दिलं. अर्धाच ग्लास घेतला. सगळं पी म्हटलं तर म्हणाली, "नको रे, तुला सारखं उठावं लागेल."
उरलेला अर्धा झाकून ठेवलाय.