एकोणचाळीस मिनिटांची नोंद

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
हवामान निरीक्षण केंद्र,
पहिला मजला.

अर्जदार : वरिष्ठ निरीक्षक (फुगे), त्याच इमारतीची गच्ची.

विषय : अर्जदाराने केलेली चूक ही चूकच आहे, असे कार्यालयाच्या शिक्क्यानिशी लिहून मिळण्याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) त्यांवर आलेली आपली तीन उत्तरे, ज्यांपैकी एकही त्या अर्जांचे उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार आपल्या डोक्यावर, म्हणजे आपल्या दालनाच्या बरोबर वरच्या गच्चीवर, एकोणीस वर्षे काम करत आहे. रोज संध्याकाळी एक पांढरा फुगा भरायचा, सोडायचा आणि कोन मोजायच्या दुर्बिणीतून त्याच्या मागे लागायचे, हे त्याचे काम. दर मिनिटाला अर्जदार दोन कोन मोठ्याने सांगतो आणि शेजारी स्टुलावर बसलेल्या नोंदणी लिपिक बाई ते वहीत लिहितात. त्यावरून वरचा वारा कुठून कुठे चालला आहे ते कळते. फुगा दिसेनासा झाला की 'फुगा हरवला' असे म्हणून वही मिटायची, असा नियम आहे. याखेरीज, आकाशात काहीतरी विचित्र दिसले म्हणून नागरिकांची जी पत्रे येतात, त्यांना उत्तरे देण्याचे कामही अर्जदाराकडेच आहे. 'आपण पाहिलेली वस्तू हा या कार्यालयाचा फुगा होता' हे वाक्य त्याने आजवर इतक्या वेळा लिहिले आहे, की त्याचा रबरी शिक्काच करून घ्यावा अशी सूचना त्याने मागे केली होती. ती अद्याप विचाराधीन आहे.

२. अर्जदाराची थोरली बहीण (यापुढे 'ताई') शिवणकाम करते आणि अर्जदाराच्याच घरी राहते. दूरच्या ग्रहांवरून कोणीतरी आपल्याकडे येऊन जाते, यावर तिचा ठाम विश्वास आहे. ती त्यांना 'पाहुणे' म्हणते. दर शनिवारी संध्याकाळी घराच्या गच्चीवर तिची सात-आठ मंडळी चटया टाकून वर बघत बसतात. अर्जदाराच्या पत्नीचे म्हणणे असे, की भाऊ पोटासाठी वर बघतो, बहीण हौसेसाठी वर बघते, आणि गॅसवरच्या दुधाकडे बघायला घरात कोणी नाही. ताईची चेष्टा करण्याची एकही संधी अर्जदाराने सोडलेली नाही, हे तो येथे मान्य करतो. 'ताई, तुझ्या पाहुण्यांना म्हणावं, एकदा सही-शिक्क्याचा कागद घेऊन या. मग मी स्वतः चहा टाकतो,' हे त्याचे ठरलेले वाक्य होते.

३. गेल्या महिन्याच्या तीन तारखेस अर्जदाराने नेहमीप्रमाणे फुगा सोडला. सूर्य मावळतीला टेकला होता, आकाश निरभ्र होते. बाराव्या मिनिटाला अर्जदारास शिंक आली. शिंकून डोळा पुन्हा दुर्बिणीला लावला, तेव्हा समोर एक पांढरा ठिपका होता. अर्जदाराने तो आपला फुगा समजून पुढचे कोन सांगायला सुरुवात केली. तो शुक्र होता. ही चूक जुन्या निरीक्षकांच्या हातून झाल्याचे किस्से अर्जदाराने उमेदवारीत ऐकले होते आणि तो त्यांना पोट धरून हसलाही होता. फुगेवाल्यांखेरीज ही चूक कोणाला करताच येणार नाही, कारण उजेड असताना शुक्राला दुर्बीण लावून बसायला दुसऱ्या कोणाला सवड नाही. अर्जदार एकोणचाळिसाव्या मिनिटापर्यंत कोन सांगत राहिला. लिपिक बाईंना यात दोष नाही. त्यांचे म्हणणे, 'तुम्ही बोललात, मी लिहिलं.'

४. पुढच्याच आठवड्यात ताईच्या मंडळींनी कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून त्या महिन्याच्या पानांच्या नकला मागितल्या. नकलांवर सही करण्याचे कामही, दुर्दैवाने, अर्जदाराकडेच आहे. अर्जावर ताईचे नाव पाहून त्याला हसू आले, आणि हसण्याच्या भरात त्याने पान न वाचताच 'खरी नक्कल' लिहून सही ठोकली. ताईच्या मंडळींनी मात्र ते वाचले. मंडळीतले निवृत्त टपालवाले आकड्यांचे पक्के आहेत. त्यांनी दाखवून दिले, की बाराव्या मिनिटापर्यंत ठिपका वाऱ्याने इकडेतिकडे हलतो आणि त्यानंतर सत्तावीस मिनिटे चौतीस अंशांवरून सत्तावीस अंशांवर अगदी एकसारखा, मिनिटाला पाव अंश, असा उतरत जातो. वाऱ्याला न जुमानणारी वस्तू, तीही सरकारी वहीत, खाली सख्ख्या भावाची सही आणि कार्यालयाचा गोल शिक्का! तो कागद आता काचेच्या चौकटीत शिलाई मशीनच्या वर टांगलेला आहे. अर्जदाराने ठरल्याप्रमाणे चहा टाकला. आठ कप.

५. एवढ्यावर भागले असते, तर अर्जदाराने आपला वेळ घेतला नसता. परंतु ताईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. उजव्या डोळ्याला हल्ली प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडे दिसते, आणि मंडळींच्या मते ती दृष्टी मिळायला भाग्य लागते. नेत्रतज्ज्ञ बाईंनी तपासून स्पष्ट सांगितले आहे, की मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, आणखी थांबले तर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग गेलेली नजर परत आणता येणार नाही. त्यांनी येत्या अठरा तारखेला शस्त्रक्रिया ठरवली आहे. ताई नकार देते. तिचे शब्द जसेच्या तसे असे : 'डोळा पुसून काढला आणि पाहुणे दिसायचे बंद झाले तर? तुझ्या हापिसाच्या शिक्क्यानं ते आलेत. आता त्याच शिक्क्यानं लिहून आण, की ती चूक होती. मग मी निमूट आत जाऊन झोपते.' दरम्यान ती हाताच्या अंदाजाने शिवते. गेल्या आठवड्यात तिने अर्जदारास शिवून दिलेल्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत. तो शर्ट घालून अर्जदार दोन दिवस कार्यालयात आला होता, पण तिला काही बोलला नाही.

६. म्हणून अर्जदाराने आपल्याकडे अर्ज केले. पहिल्या अर्जावर उत्तर आले, की नोंद विहित नमुन्यात आणि निळ्या शाईत असल्यामुळे तीत चूक संभवत नाही. दुसरा अर्ज भांडार विभागाकडे गेला आणि त्यांनी विचारले, की तो फुगा परत जमा केला काय. तिसऱ्यावर आपण स्वतः लिहिलेत, की चूक झाल्याबद्दल एका साक्षीदाराचे नाव, पत्ता व उपस्थितीची वेळ कळवावी. अर्जदाराने कळवले : शुक्र, पश्चिमेस, रोज सूर्यास्तानंतर. त्यावर अद्याप उत्तर नाही. उलट या केंद्रावर एक फुगा सर्वांत जास्त वेळ नजरेत ठेवल्याबद्दल अर्जदारास प्रशस्तिपत्र देण्याचा प्रस्ताव आपल्या सहीने वर गेल्याचे समजते. महोदय, एकोणीस वर्षांत अर्जदाराचे कधी कौतुक झाले नाही, आणि झाले ते यासाठी! प्रशस्तिपत्राऐवजी कानउघाडणीचे पत्र मिळावे, एवढीच त्याची मागणी होती. अशी मागणी करणारा कर्मचारी आपल्या पाहण्यात दुसरा नसेल.

७. पुरावाच हवा असेल, तर अर्जदाराला आता एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी त्याने पहिल्या तीन अर्जांत दडवली. फुगा दुर्बिणीत कधी स्थिर राहत नाही, सतत थरथरत असतो. ती थरथर अर्जदार झोपेतही ओळखेल. पंधराव्या मिनिटाला त्याच्या लक्षात आले, की समोरचा ठिपका थरथरत नाही. तिथेच 'फुगा हरवला' म्हणून वही मिटायला हवी होती. त्याने मिटवली नाही. शुक्राचे किस्से, नियम, इतक्या पत्रांना दिलेली ती उत्तरे, त्या क्षणी काहीही आठवले नाही. त्याला वाटले, आले. पाहुणे आले. आणि खोटे कशाला लिहावे, त्याला फार आनंद झाला. लिपिक बाईंना कळू नये म्हणून तो शांत आवाजात कोन सांगत राहिला, कारण थांबलो तर ते निघून जातील असे त्याला वाटत होते. मग अंधारू लागले, आसपास दोन-तीन तारे उगवले, आणि समोर कोण आहे ते अर्जदाराला कळले. त्याने सही केली, दुर्बिणीवर झाकण घातले आणि घरी जाऊन ताईची नेहमीपेक्षा जास्त चेष्टा केली. सबब ही चूक शिंकेमुळे झालेली नाही. शिंक तीन मिनिटांपुरतीच जबाबदार आहे.

८. अर्जदारास मसुदा मोठ्याने वाचत लिहिण्याची सवय आहे आणि ताई त्याच खोलीत मशीनवर बसलेली होती, हे येथे नमूद करणे आवश्यक झाले आहे. परिच्छेद सात वाचून झाला, तेव्हा मशीन थांबले होते. मग ताई म्हणाली, 'आणि मला नाही बोलावलंस?' तिने हाताने चाचपत कात्री बाजूला ठेवली आणि ती म्हणाली, 'मला शिक्का कशाला हवा होता माहितीये? तू चूक म्हणालास, तर ते मला खरंच वाटेना. तू वर बघून कधी खूश झालेला मी पाहिलाच नाही. मग तुला काय कळणार कोण आलं नि कोण नाही? आता साहेबांना त्रास देऊ नकोस. अठराला मी येते.' मात्र तो शुक्र होता हे तिने अजिबात मान्य केलेले नाही. नवा डोळा आला की ती स्वतः बघणार आहे आणि मगच काय ते सांगणार आहे.

९. परिच्छेद आठमुळे वरील विषय रद्द होत असला, तरी अर्जदाराने अर्ज नव्याने लिहिलेला नाही. आपल्याकडे नोंदीत खाडाखोड चालत नाही. चूक तशीच ठेवून पुढे लिहायचे असते. तरी आता विनंती अशी :

अ) चुकीबद्दलचे पत्र नको. प्रशस्तिपत्रही नको.

आ) दिनांक १८ रोजी अर्जदारास एक दिवसाची रजा मिळावी. त्या संध्याकाळचा फुगा लिपिक बाई सोडतील. त्यांनी आधीच होकार देऊन ठेवला आहे.

इ) डोळ्याची पट्टी सुटून नेत्रतज्ज्ञ बाईंनी परवानगी दिल्यावर एका संध्याकाळी, सूर्य मावळल्यानंतर, ताईस केंद्राच्या गच्चीवर येऊन दुर्बिणीला डोळा लावू द्यावा. बाहेरच्या व्यक्तीस तेथे मज्जाव आहे, हे अर्जदार जाणतो. परंतु शुक्र आता फार आठवडे संध्याकाळचा राहणार नाही, म्हणून निर्णय लवकर व्हावा. त्या दिवशी कोन ताई सांगेल आणि अर्जदार स्टुलावर बसून वही लिहील. काय दिसले याबद्दल ती जे म्हणेल, ते शेऱ्याच्या रकान्यात तिच्याच शब्दांत उतरवले जाईल, एक अक्षरही न बदलता, आणि त्याखाली अर्जदार सही करील.

आपल्या दालनाच्या वरचा,
(सही)
वरिष्ठ निरीक्षक (फुगे)
दिनांक : ९, सायंकाळ, फुगा सोडून घरी आल्यानंतर

सोबत :
१) नोंदवहीच्या पानाची खरी नक्कल, चौकटीसह. ताई चौकट उघडू देत नाही.
२) नेत्रतज्ज्ञ बाईंची चिठ्ठी.
३) शर्ट, एक. पाहून परत मिळावा.
४) वरील सर्व मजकूर ऐकून मान्य असल्याबद्दल ताईची सही, याच पानाच्या तळाशी. ती ओळीच्या बरीच खाली गेली आहे, ती ग्राह्य धरावी.