पालीचं घर आणि फानदादाचा फोन

तीर्थरूप आत्यांना ताईनानहून पेइ-शानचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? वादळात पिंगतुंगला फार नुकसान झालं असं बाबा सांगत होते. जांबाच्या बागेत पाणी शिरलं नसेल अशी आशा आहे. बदकं आणि आतोबा ठीक असतीलच. (क्रम चुकला असं वाटलं तर क्षमा असावी, पण फोनवर तुम्ही नेहमी बदकांचंच आधी सांगता.)

मी धडधाकट आहे, पण गेल्या महिन्यात जे पाहिलं त्यानं अजून घास नीट उतरत नाही. नववर्षाच्या जेवणात तुम्ही विचारलं होतंत, की ही मुलगी सुट्टीच्या दिवशी करते तरी काय, आणि बाबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पाली पाळते." आत्या, ते तसं नाही हो. 'पाल' हा वेबसाइट बांधणाऱ्यांसाठी केलेला एक तयार सांगाडा आहे. आमच्या मंडळातल्या फानदादानं तो लिहिला, आणि तो पहिल्यांदा चालला तेव्हा भिंतीवरची पाल चुकचुकली, म्हणून हे नाव. कोणीही फुकट न्यावा, कोणीही दुरुस्त करावा. (फुकट आहे तर एवढे भांडता कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त होता. उत्तर अजून मिळालेलं नाही.)

तर लोकांच्या वेबसाइटी उभ्या करणाऱ्या या पालीला स्वतःची वेबसाइटच नव्हती. नवख्यानं शिकायचं कुठे, अडलं तर विचारायचं कोणाला, काही पत्ता नाही. शेवटी समुद्राकाठच्या एका गावातल्या ग्रंथालयानं कळवलं, की तुमच्यातलं कोणी हयात आहे का ते समजत नाही, तेव्हा आम्ही पाल सोडून दुसरं काहीतरी घेतो. आम्ही सगळे हयात होतो, त्यामुळे ते जिव्हारी लागलं. लगेच वाम माशाच्या नूडल्सच्या दुकानात, मागच्या खोलीत, मंडळाच्या वेबसाइटची आखणी करायला बैठक भरली.

बैठकीला आमचे लू गुरुजी होते. ते निवृत्त गणितशिक्षक. फानदादानं लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर हरकत घेण्याचं काम ते वर्षानुवर्षं निष्ठेनं करत आलेत. साइट आधी तैवानी भाषेत हवी, चिनीत नंतर, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. फानदादा हाक्का समाजाचा, तो म्हणाला मग आमची हाक्का भाषा का नको? मग रंगावरून जुंपली. पाल हिरवी असते की करडी, यावर नूडल्स गार झाल्या. दुकानाच्या मालकीणबाई भांडी उचलायला आल्या आणि "आमच्या भिंतीवरची तर पिवळट आहे" असं सांगून आणखी तेल ओतून गेल्या.

वातावरण निवळावं म्हणून मी आपलं साधंच विचारलं, "साइट पालीवरच बांधायची ना?"

फानदादा वाडग्यात बघत बसला.

"नको," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्यानं ती घडवली तोच! (स्वतःच्या हॉटेलात जेवायला नकार देणारा आचारी मी तोवर पाहिला नव्हता.) मी म्हटलं, "दादा, अख्खी ग्रंथालयं चालतात की पालीवर!"

"त्यांची साइट बंद पडली की ते मला फोन करतात," तो म्हणाला. "माझी बंद पडली तर मी कोणाला करू?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कारखान्यातली नोकरी सांभाळून इतकी वर्षं तो एकटाच डागडुजी करत होता. आम्ही सूचना करायचो, हरकती घ्यायचो, दुरुस्ती मात्र त्यानंच करायची. मुलीच्या शाळेतल्या नाटकात तो मागच्या रांगेत बसून कोणाची तरी बंद पडलेली साइट सुरू करत होता. मुलीचं काम त्यानं पाहिलंच नाही. "मी आता थांबतो," तो म्हणाला. "साइट करायचीच तर पहिल्या पानावर एवढंच लिहा, की सांभाळणारा हवा."

पण खरा हादरा पुढेच होता. लू गुरुजी उठले आणि चक्क रडायला लागले. "तू गेलास तर मी भांडू कोणाशी?" आणि त्याच दमात आमच्याकडे वळून ओरडले, "बघता काय? वाटून घ्या कामं!" सगळ्यात कटकटीचं काम त्यांनी स्वतः घेतलं. मी दाराकडे सरकत होते, तेवढ्यात माझ्याही गळ्यात एक पडलं. साइट पालीवरच बांधायची, आणि बंद पडली तर फानदादानं आम्हाला फोन करायचा, असं ठरलं.

बांधली. आणि ग्रंथालयाला पत्ता कळवला त्याच दिवशी ती बंद पडली. मी पेट्रोल पंपावर स्कूटर घेऊन रांगेत उभी, आणि फोन वाजला. "पेइ-शान!" फानदादाचा आवाज इतका आनंदी मी कधी ऐकला नव्हता. "बंद पडली! मी आता मुलीला घेऊन पोहायला चाललोय!" आणि ठेवून दिला. आत्या, मी रांग सोडली, स्कूटर कडेला लावली, आणि तुमच्या भाचीनं भर उन्हात, एकटीनं, साइट परत उभी केली. ग्रंथालय राहिलं. फानदादाही राहिला, फक्त आता हरकती तो घेतो.

आतोबांना नमस्कार, बदकांना गोंजारणे.

तुमची आज्ञाधारक भाची,
पेइ-शान

ता.क. : 'एकटीनं' हा शब्द जरा वाढवून लिहिला गेला. साइट लू गुरुजींनी उभी केली. मी फोनवर त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि स्कूटर ढकलत घरी नेली, कारण पेट्रोल भरायचं राहूनच गेलं.

आणखी एक ता.क. : मूळ विषय राहिलाच. साइट बंद असली की तिथे काहीतरी चित्र दाखवावं लागतं. दुसरं हाताशी नव्हतं म्हणून मी तुमचा फोटो लावला, धाकट्या काकांच्या लग्नात फोटोग्राफरवर बोट रोखून ओरडतानाचा. तात्पुरताच लावला होता. पण लोकांना तो फार आवडला. आता त्याचे स्टिकर निघालेत, आणि पाल तुम्हीच लिहिली असा ब्राझीलमध्ये समज आहे. कृपया रागावू नये. फक्त साइट चालू असताना लावायला एखादा हसरा फोटो पाठवावा. घाई नाही.