कातळावर एकट्यानं बसू नये

३ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे! शेवटचे सात किलोमीटर जीपनं असं काही आदळलं की हाडं खिळखिळी झाली, पण जागा बघताच शीण पळाला. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, चहूकडे दाट झाडी. दोनशे पावलांवर नदी दोन कातळांमधल्या चिंचोळ्या फटीत शिरते आणि पांढरीफेक होऊन उसळत खाली जाते. तिचा खळाळ घरभर भरून असतो. बायको म्हणाली, इथं घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, बरं आहे. किती दिवसांनी ती आपणहून काही बोलली!

शाळेच्या तलावावर एकोणीस वर्षं मुलांना पोहायला शिकवलं. आता खळाळ बघायला येणाऱ्यांना सुखरूप परत पाठवायचं. जुन्या रखवालदारांनी किल्ल्या, शिट्टी, चौदा लाइफ जॅकेटं आणि दोर माझ्या ताब्यात दिला. ते ठार बहिरे आहेत. मी पाटीवर लिहायचं, त्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं. बावीस वर्षांत त्यांनी एकही माणूस गमावला नाही. ओल्या खडकावर पाय द्यायचा नाही. काळ्या खडकावर तो कोरडा असला तरी नाही. पाणी गढुळलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की वरती पाऊस झाला समजायचं आणि सगळ्यांना तडक चढावर घ्यायचं. दोरापलीकडे कुणी जायचं नाही, चारनंतर थांबायचं नाही. आणि सपाट कातळावर एकट्यानं बसायचं नाही. हे शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं. मी पाटीवर ‘का?’ लिहिलं, तर तळहातानं पुसून टाकलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

९ नोव्हेंबर

रविवार. सव्वीस माणसं आली, सव्वीस परत गेली. एक ढेरपोटे गृहस्थ दोर ओलांडून फोटो काढणार म्हणून हटून बसले. मी म्हटलं, फोटो झकास येईल साहेब, पण तो बघायला तुम्ही असाल की नाही ते सांगता येत नाही. त्यांची बायकोच इतकी खदखदून हसली की गृहस्थ निमूट मागे आले.

ही मुलांना जॅकेटं घालत होती. मी दाखवलं तसा पट्टा ओढायचा आणि खाली दोन बोटं जातात का ते बघायचं. एका पोरीचे केस पट्ट्यात अडकले, ते हिनं एकेक करून सोडवले. आमची चिमी जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून हिनं कुठल्या लेकराला हात लावला नव्हता. सावरतेय. इथं आणलं ते चांगलं केलं.

१४ नोव्हेंबर

आज एक शिक्षिका मैत्रिणींबरोबर आल्या होत्या. मैत्रिणी डबा खायला वर गेल्या आणि मी जॅकेटं मोजत होतो तेवढ्यात या सपाट कातळावर जाऊन बसल्या. पाचसात मिनिटंच. हाका मारल्या तर वळेनात. शेवटी दंडाला धरून आणलं. गाल भिजलेले. म्हणाल्या, माझा भाऊ पाण्याच्या आतून विचारत होता की ताई, तू मला न्यायला का आली नाहीस.

भाऊ जाऊन सहा वर्षं झाली म्हणे. मी चहा दिला, समजूत घातली की एकसारख्या आवाजात माणसाला काहीही ऐकू येतं. ही दारात उभी राहून ऐकत होती. त्या गेल्यावर हिनं मला एवढंच विचारलं, त्या नेमक्या कुठं बसल्या होत्या?

१७ नोव्हेंबर

दुपारी ही कातळावर सापडली. ओढतच आणली. म्हणाली, चिमी आहे तिथं. मी ओरडलो, नको ते बोललो. ही शांतपणे म्हणाली, “अहो, ती म्हणते, बाबांना सांग ना, एकच घोट.”

मी हिचा दंड सोडला.

ते वाक्य जगात तिघांनाच माहीत आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. चिमी मागत होती. ओठ फुटले होते पोरीचे. ही पेला भरून घेऊन आली, मी तो हिच्या हातातून काढून घेतला. संध्याकाळी देऊ हं, म्हणालो. तिनं संध्याकाळ पाहिली नाही.

डॉक्टरांचं ऐकलं मी. दुसरं काय करायला हवं होतं?

१८ नोव्हेंबर

सकाळीच वनपालांना फोन केला. आधी आढेवेढे घेतले, मग बोलले. जुन्या रखवालदारांच्या आधी इथं कुणी वर्षभरही टिकलं नव्हतं. पाच जण नदीत गेले. म्हणून बहिरा माणूस शोधून नेमला होता. या वेळी कुणी बहिरा मिळाला नाही. मला वाटलं, म्हणाले, तुम्ही पोहणारे, तुम्हाला काय भीती!

शुक्रवारी जीप पाठवतील. तोवर वाट बंद.

१९ नोव्हेंबर

दाराला आतून कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. दोघांच्या कानात कापूस घातला, हिनं काढून टाकला. जेवत नाही. भांडत पण नाही, ते जास्त —

दुपारी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, ती तुमच्यावर रागावलेली नाही हो.

मी मोठ्यानं रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.

२० नोव्हेंबर

गेली.

वरच्या फाटकाशी कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. परत पाठवायला गेलो. दहा मिनिटं. कुलूप लावलं होतं — खिडकीचा गज —

कातळावर पेला होता. घरातला, स्टीलचा. रिकामा.

कमरेला दोर बांधून उतरलो. तीन वेळा. खाली वळणापर्यंत गेलो. काही नाही. साडीचा काठसुद्धा नाही.

एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना वर काढलं मी.

वनपाल उद्या सकाळी माणसं घेऊन येतायत.

२१ नोव्हेंबर, सकाळ

कापूस घातलाय. वर टॉवेल बांधलाय. तरी —

अहो म्हणते. पूर्वी स्वयंपाकघरातून हाक मारायची, तशी.

बडबडतेय. किती बोलायची ही! विसरलोच होतो. मध्येच चिमी हसते. घोटाचं नाव नाही आता. तहान भागली असेल.

जीप येतेय. वळणावर हॉर्न वाजला. त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, कुणीही कातळावर —

ही म्हणते, चिमीचे फ्रॉक आखूड व्हायला लागलेत. अकरा पूर्ण होतील आता. माझ्या खांद्याला लागेल का? मी फक्त उंची बघून येतो, लगेच, ते यायच्या आत