कानातले चारशे शब्द

२ मार्च १९६६, खामगाव

आज कोकिळाचे बावीस इंग्रजी शब्द पाठ झाले. खरी किंमत मांडून ठेवतो — दोन भाकरी करपल्या, दूध उतू गेलं, मायची बोलणी बसली. आणि दिवसभरात बायको माझ्याशी चार शब्द बोलली. त्यातला एक ‘सरका’.

ती शाळेत शिकवते; नागपूरला एम.एड. करायचं तर आधी प्रवेशाची परीक्षा. इंग्रजी शब्दांचा पेपर वेगळा. जमलं तर वर्षभर ती तिकडे. फॉर्म मीच आणला — आता कुणाला बोलू?

६ मार्च

तोड काढली. संध्याकाळी तिनं शब्द नि अर्थ मोठ्यानं वाचायचे, मी ऐकायचे. सकाळी चहाला मी विचारायचे. मी कामाला आहे त्या मिलच्या इंजिनाचा पट्टा सैल झाला तर मला फाटकातून नुसत्या आवाजावर कळतं. शब्द काय सुटतात!

“रिलक्टंट?”

“मन नसताना करणारा.”

“म्हणजे मी.”

हसली. किती दिवसांनी.

१९ मार्च

माय भाजी निवडता निवडता — “बायकोले नागपूरले धाडून तू भाकरी थापशीन काय रे?”

“हाव,” म्हटलं. कोकिळानं पुस्तक तोंडासमोर धरलं.

२ एप्रिल

चारशे झाले! सगळे कानात. वहाब पोस्टमन आला तेव्हा ऐकवलं, “तुह्यापेक्षा जास्त इंग्रजी येते मले.” तो म्हणतो, “मंग ही थैली बी घ्या, शेठ.”

आजचा शेवटचा शब्द — लाँगिंग.

“अर्थ?”

“ओढ. हा नका पाठ करू तुम्ही.” वर पाहिलं नाही तिनं.

२४ एप्रिल

पेपर बरा गेला म्हणते.

३ मे

शाळेला सुट्टी, कोकिळा माहेरी शेगावला. सकाळी चहा घेताना सवयीनं शब्द विचारून बसलो. समोर माय. “काय म्हनतं रे?”

९ मे

ती नापास झाली तर बरं — असं मनात आलं. लिहून ठेवतो. निदान इथं तरी खोटं नको.

१८ मे

नागपूरचं पाकीट आलं. फोडलं. कागद धरून ओसरीवर बराच वेळ उभा होतो.

निवड झाली, जूनमध्ये हजर व्हायचं. परतीच्या वाटेवर वहाबनं वाचून दाखवलं. इंग्रजीचं एक अक्षर मला ओळखता येत नाही.