साक्षीची तालीम

३ मार्च, मंगळवार
समन्स आलं. साक्ष दहा तारखेला, सकाळी अकराला, घरूनच, व्हिडिओवर. आधी मी, मग धाकटी बहीण. आई इस्पितळात अजून बोलत नाही — जबडा तारांनी बांधलाय — म्हणून बाबांविरुद्ध साक्षीदार आम्ही दोघंच. आम्ही अडखळलो तर ते सुटणार, आणि सुटले की इथेच येणार. कुलूप बदललंय. पण घर त्यांचं आहे.

४ मार्च, बुधवार
सरकारी वकीलबाईंचा फोन. मागे कोरी भिंत हवी. खोलीत दुसरं कुणी नको. पाहिलं तेवढंच सांगायचं.
कॅलेंडर काढलं, खिळे उपटले. भिंतीच्या तळाशी रक्ताचे चार वाळके थेंब निघाले. इतके दिवस सुटलेच कसे? घासले.
मग सगळं लिहून काढलं. बाबा नळकाम करतात. त्यांचा मोठा पाना, दीड फुटी. पहिला घाव खांद्यावर. चौथ्याला जबडा गेला, सुकी काटकी मोडावी तसा आवाज. एकूण नऊ. फोनवर बाईंनी विचारलं होतं, "इतकं नक्की कसं सांगतोस?" म्हटलं, आम्ही मोजतोच. बाबा नेहमी सहावर थांबायचे. मोजलं की सोसतं. त्या दिवशी सातवा पडला आणि मी ओरडलो.
ओरडलो फक्त. जागचा हललो नाही. हेही लिहिलंय.

५ मार्च, गुरुवार
आत्या आली. चहाला हात लावला नाही.
"जन्मदात्याला फासावर चढवायला निघालास?"
म्हटलं, फाशी नाही होत यात.
"मोठा कायदेपंडित! नववी नापास! अरे, हात कुणाचा उठत नाही? तुझ्या आजोबांनी तुझ्या बाबांना दावणीला बांधून फोडलंय. त्यानं कधी घरचं चव्हाट्यावर नेलं?"
धाकटी आतून म्हणाली, "म्हणूनच ना, आत्या."
आत्या चप्पल घालून निघून गेली.

६ मार्च, शुक्रवार
दहाची रजा मागितली. मी रबरी शिक्क्यांच्या दुकानात कामाला. मालक म्हणाले, "जा. न्यायाधीशांचा शिक्का झिजला असेल तर आपलं कार्ड दे." दिवसभरात तेवढंच हसलो.

७ मार्च, शनिवार
आज कोर्टाच्या माणसाने जोडणी तपासली. "फोन खोलीभर फिरवा. दारामागे दाखवा. खाटेखाली." दाखवलं. मग चौकोनात दुसरा चौकोन उघडला — बाबा. तुरुंगातली हिरवी भिंत, दाढी वाढलेली. मी उठून उभाच राहिलो. हात मागे.
ते एवढंच म्हणाले, "केस किती वाढवलेस. कापून घे."
कोर्टाचा माणूस ओरडला, साक्षीदाराशी बोलायचं नाही. चौकोन मिटला.
संध्याकाळी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो, मान ओली झाली, तेव्हा कळलं मी कुणाचं ऐकलं ते.

८ मार्च, रविवार
तालीम. मी वकील, धाकटी साक्षीदार. किती घाव? "पाच-सहा." नऊ, म्हटलं. "मी डोळे मिटले होते, दादा. नाही मोजले." मग उलटतपासणीत ती टिकणार कशी? दोघांचं जुळायला हवं. पुन्हा विचारलं. "सात?" पुन्हा. तिला हसू फुटलं. भीतीने हसते ती, लहानपणापासून, मला माहीत आहे.
माझा हात उठला. एक. दोन. तिसऱ्याला तिचं डोकं कपाटाच्या कडीवर आपटलं. ती खाली बसली, हात डोक्यावर धरून, अगदी आईसारखी. तरी मारलं.
सहावर थांबलो.

९ मार्च, सोमवार
तिच्या डाव्या भुवईवर सूज. काळंनिळं झालंय. बर्फ लावला. पावडर लावून पाहिली, कॅमेऱ्यात तरी दिसतं. दिवा उजवीकडे ठेवला की डावी बाजू सावलीत जाते. स्टूल चार बोटं सरकवलं, जमिनीवर खडूने खूण केली.
तिला म्हटलं, आईसाठी करतोय हे सगळं.
"नऊ," ती म्हणाली.

१० मार्च, मंगळवार
माझी साक्ष वीस मिनिटांत झाली. एक शब्द चुकला नाही. मग धाकटी आत, मी बाहेर, दार बंद. दाराला कान लावला. बाबांच्या वकिलांनी विचारलं, "भुवईला काय लागलंय? घरात तुला मारतं कोण?"

"आधी बाबा," ती म्हणाली.