तोंडात पिना होत्या म्हणून

आयुष्मान भाऊ पुना, मुक्काम नरडाणा, यास जळगावहून मंजुळाअक्काचा आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या मागोमाग थोडा रागही. माझ्या भावजयीचे, सुंदरबाईचे, गुडघे कसे आहेत? तेल चोळून देतोस की नुसता दारातून विचारतोस? इकडे बठ्ठं ठीक शे. मला जेवण जातं, झोप लागते. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर बाईची शाळा चौथीत सुटली एवढंच समज, दुसरं काही मनात आणू नको. फोन केला असता, पण तू ऐकून न घेता फोन ठेवून देतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तर तू माझ्या मुलाला फोन करून सांगितलंस, की धुळ्याच्या नाटकात अक्काला भर रंगमंचावर भ्रमिष्टासारखे हातवारे करताना पाहिलं, तिला आता घरी बसवा. (पास मीच पाठवला होता. तिसरी रांग. तिथून माझं वेड दिसलं, कारण दिसलं नाही.) तेव्हापासून मुलगा म्हणतो, आई, नाटकमंडळाच्या कपडेपटाचं काम बंद, नातवंडं सांभाळ. अरे, नातू अखिल मिशी कोरून घेतो, त्याला काय सांभाळू? मी बसणार नाही. तू अर्ध्यातून उठून गेलास, म्हणून उरलेलं अर्धं लिहिते.

आधीचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या मंडळात मागे एकाच्या डोक्यावर दिवा पडला होता. (डोकं वाचलं, दिवा फुटला. सगळे दिव्यासाठी हळहळले.) तेव्हा आमची दिग्दर्शिका कामिनी हिने मेघा नावाच्या नर्सबाईंना तालमीच्या हॉलवर बोलावलं. माणूस पडला, भाजला, चक्कर आली तर काय करायचं ते शिकवायला. एकाने पेशंट व्हायचं, बाकीच्यांनी वाचवायचं. पुना, नाटकवाल्यांना हे सांगून बघ एकदा. सगळ्यांना पेशंटच व्हायचं होतं. वाचवणाऱ्याला वाक्यच नाही ना. आमचा हिरो धर्मेंद्र बेशुद्ध झाला आणि आईची आठवण काढून एवढं बोलला की चहावाला थांबून ऐकत राहिला. मेघा म्हणाली, बेशुद्ध माणूस बोलत नसतो. तो म्हणाला, मग लोकांना कळणार कसं? दुसरा आला, त्याने विष प्यायल्याचं सोंग केलं. तिसऱ्याने मरता मरता सगळ्यांना माफ केलं. मी म्हटलं, मलाही एकदा पेशंट करा. तर म्हणाले, अक्का, तुम्ही खाली बसलात तर उठवणार कोण? म्हणून दर वेळी वाचवायला मी एकटीच उरायची. त्यातलं एक माझ्या डोक्यात पक्कं बसलं. उंचावरून पडलेल्या माणसाची मान हलू द्यायची नाही, त्याला उचलायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं.

आता धुळ्याची नाट्यस्पर्धा. मी विंगेत राणीचा पदर बसवत होते. पिना कुठे ठेवतात? तोंडात. समोर धर्मेंद्र प्लायवूडच्या बुरुजावर उभा, आणि बुरूज कलला. तो पडला तो आवाज नाटकातला नव्हता, मी तीस वर्षं विंगेत आवाज ऐकते आहे. नट एकमेकांकडे बघायला लागले. दोघं पुढे झाले, त्याला काखेत धरून आत ओढायला, म्हणजे नाटक पुढे सरकेल. मी धावले. (वायरी पसरलेल्या होत्या, त्याचं काय सांगायचं.) त्यांच्या हातावर चापट्या मारल्या आणि धर्मेंद्रचं डोकं धरून बसले. आता सांग, तोंडात पिना असताना बाई बोलणार कशी? बोलले असते तर गिळल्या असत्या. मग हातवारे नको करायला? एका हाताने मान धरलेली, दुसऱ्याने सगळ्यांना मागे हटवते आहे आणि पडदा ओढणाऱ्या करमसिंगला पडदा पाड म्हणून खुणावते आहे. करमसिंग सातपुड्याच्या पायथ्याचा, शब्दाला पक्का माणूस. समोरून कामिनीने बॅटरी लावून खूण केल्याशिवाय पडदा नाही, हे त्याला एकदा सांगितलंय, ते संपलं. तो शांतपणे माझ्याकडे बघत राहिला. हेच तू पाहिलंस आणि चप्पल शोधायला लागलास.

तू गेल्यावर मी पिना एकेक करून धर्मेंद्रच्या अंगरख्याला टोचल्या आणि विचारलं, "कोठे दुखस रे तुले?"

तो ओठ न हलवता म्हणाला, "अक्का, सोडा. माझं वाक्य राहिलंय."

मी म्हटलं, "पडूनच बोल."

आणि पुना, तो पडूनच बोलला. नंतर बॅटरी लागली, पडदा पडला, प्रेक्षकांतून लहान मुलांचे एक डॉक्टर आले. (त्यांनी धर्मेंद्रला आधी नाव विचारलं आणि मग शाब्बास म्हणाले, सवय असते.) दवाखान्यात नेलं. मान धड. घोटा मुरगळला होता, बस. आणि पडदा मध्येच पडला म्हणून आम्ही स्पर्धेतून बाद.

परतीच्या गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही. घोट्यासाठी नाटक बुडवलं, असं मात्र मला ऐकू येईल इतपत बोलत होते. कामिनी म्हणाली, अक्का, आता थोडी विश्रांती घ्या. विश्रांती म्हणजे काय ते मला कळतं. तरी रविवारी मी हॉलवर गेले, डबाभर भरीत घेऊन. सगळ्यांसमोर सांगितलं, मान धड होती हे डॉक्टरांनी बघून सांगितलं, मला कुठून दिसणार? उद्या पुन्हा कोणी पडला तर पुन्हा धरीन, पुन्हा बाद व्हा. सगळे भरिताकडे बघत बसले. मग धर्मेंद्र लंगडत उठला. म्हणाला, "मी खाली पडलेलो होतो तेव्हा कोणी परीक्षकांकडे बघत होतं, कोणी तिसरा अंक लावू का विचारत होतं. माझ्याकडे एकटी अक्का बघत होती. ती नसेल तर मी बुरुजावर चढत नाही." तेव्हा कामिनी म्हणाली, दर रविवारी हे वाचवण्याचं सगळ्यांकडून अक्काच करून घेतील. काय सांगू भाऊ, घरी येताना मी रिक्षात एकटी हसत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता. त्यानेही मुलाला फोन केला असता.

सुंदरबाईला सांग, कपडे मीच बघणार आहे आणि माणसंही.

तुझी,
मंजुळाअक्का

ता. क. तू केलेला फोन तूच मागे घे. माझ्या मुलाला सांग की अक्काला मंडळात जाऊ दे. आणि या रविवारी जळगावला ये, पेशंट व्हायला. इथला एकही नट गप्प पडून राहत नाही. तू लहानपणापासून घुमा, स्वतःच्या लग्नातही बोलला नाहीस. तुला नुसतं पडून राहायचंय, वर जेवण.

आणखी ता. क. वरचं खोडलं असं समज. अखिल तुला सांगणारच, तर मीच सांगते. वायरीत पाय अडकून मी त्या दिवशी विंगेत हातावर आपटले होते. दवाखान्यात धर्मेंद्रच्या हाडाच्या फोटोत काही निघालं नाही, माझ्या मनगटात निघालं. उजवा हात प्लास्टरात आहे, हे पत्र डाव्या हाताने चार दिवस लिहिते आहे. हाड बसवताना मी एवढी ओरडले, तुझं नाव घेतलं, आईचं घेतलं, सगळ्यांना माफही केलं. बाहेर धर्मेंद्र ऐकत होता. आता मंडळात एकमत आहे की पेशंट मीच. तेव्हा तू ये, पण पडायला नको. पडणार मी, तू धर.